कापूर आणि मिरे

आमच्या घरी देवघरातल्या कापराच्या डबीत चार मिरे टाकून ठेवण्याची चाल होती. मिरे नसले तर कापूर उडून जातो, असे आई म्हणे. कापूर टिकतो तो मिऱ्यांमुळे की डबीच्या घट्ट झाकणामुळे, अशी शंका मी मॅट्रिकच्या वर्षी एकदा काढून पाहिली. आईने उत्तर दिले नाही. झाकण मात्र आणखी दाबून लावले. पुढे नांदेडच्या एका शाळेत मी पस्तीस वर्षे इतिहास शिकविला, आणि तह, लढाया, सनावळ्या यांच्या गर्दीत ती डबी विसरून गेलो. ती पुन्हा आठवावी असे प्रसंग निवृत्तीनंतर आले आणि त्या सर्वांचा संबंध, नवल वाटेल, प्लास्टिकशी होता. इतिहासाच्या माणसाने प्लास्टिकच्या वाटेस का जावे, असे वाचक विचारतील. मीही तसेच विचारले असते. प्लास्टिक नाश पावत नाही, ही आज सर्वांची खात्री आहे. नदीकाठ पाहिला, गटार पाहिले, की ती पटतेही. परंतु जे नाश पावत नाही असे आपण म्हणतो, त्याचे रूप टिकविणारा भलताच कोणी असतो, तो केव्हाच निघून गेलेला असतो, आणि मागे राहते ते कामाचे नसते, हे मला फार उशिरा कळले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्याला २०२३ साली पंचाहत्तर वर्षे पूर्ण व्हावयाची होती. आमच्या जुन्या शाळेत त्या निमित्ताने एक लहानसे प्रदर्शन मांडावे असे ठरले, आणि जुने फोटो, कागद गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले. वजिराबादेत पूर्वी एक फोटो स्टुडिओ होता. तो चालविणारे गृहस्थ निवर्तून बरीच वर्षे झाली. चिरंजीव आता मोबाइल विकतात. त्यांनी माळ्यावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढून दिला. म्हणाले, "गुरुजी, हे तुम्ही न्या. नाहीतर येत्या दिवाळीला भंगारातच जाणार होतं." डब्यात निगेटिव्ह होत्या. मुक्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या, असे पाकिटांवरच्या पेन्सिलीच्या आकड्यांवरून दिसत होते.

घरी येऊन मी झाकण उघडले, आणि माझी पत्नी आतून म्हणाली, "सिरका सांडला का हो कुठं?" खरोखरच सिरक्याचा वास होता; लोणच्याच्या बरणीत डोके घातल्यासारखा. आतल्या निगेटिव्हपैकी निम्म्याअधिक वेड्यावाकड्या वळल्या होत्या. दुधावरची साय ओढली म्हणजे जशी सुरकुतते, तसा वरचा चित्राचा पापुद्रा सुरकुतून वर आला होता. काहींवर पांढऱ्या बारीक सुया जमल्या होत्या, हाताला किंचित तेलकट. एक निगेटिव्ह मी खिडकीशी धरली. ध्वजवंदनाचे चित्र होते. खांब दिसत होता, दोरी दिसत होती, पुढे उभी असलेली पन्नाससाठ माणसे दिसत होती. परंतु त्या सुरकुत्या नेमक्या चेहऱ्यांवरून गेल्या होत्या. त्यांत माझे वडील असावेत असा माझा समज आहे. असावेत, एवढेच. निश्चित सांगता येईल असा एकही चेहरा उरला नव्हता.

आमच्याच शाळेत रसायनशास्त्र शिकविणारे एक मित्र जवळच राहतात. त्यांनी डबा हुंगला, आणि इतिहासाच्या माणसाला इतिहासच सांगावयास बसले. तो असा.

हस्तिदंत महाग झाला तेव्हा अमेरिकेतल्या बिलियर्ड्सच्या व्यापाऱ्यांनी त्याला पर्याय शोधणाऱ्यास दहा हजार डॉलरचे बक्षीस लावले होते. त्या नादाने जॉन वेस्ली हायट याने नायट्रिक आम्लाने संस्कारलेल्या कापसात कापूर मिसळला, आणि १८७० साली त्याचे पेटंट घेतले. त्याच्याआधी लंडनच्या १८६२ च्या प्रदर्शनात अलेक्झांडर पार्क्सने तसलाच पदार्थ मांडला होता. पण बाजारात टिकला तो हायटचा सेल्युलॉइड. नुसता नायट्रोसेल्युलोज ठिसूळ. त्यात एक चतुर्थांशाच्या आसपास कापूर गेला की तो उष्णतेने मऊ होतो, साच्यात बसतो, वाकविला तर वाकतो. माणसाने केलेल्या पहिल्या प्लास्टिकचा प्राण कापूर होता! हे ऐकून मी जागचा उठलोच. फण्या, बाहुल्या, गळपट्ट्या, हार्मोनियमच्या पांढऱ्या पट्ट्या, आमच्या आज्यांच्या हातांतल्या जपानी बांगड्या, हे सारे कापरावर उभे होते. कापराचे मोठे उगमस्थान फॉर्मोसा बेट. १८९५ साली ते जपानने घेतले आणि लवकरच कापराचा मक्ताही आपल्या हाती घेतला. साम्राज्यांच्या इतिहासात मसाल्यांना जागा मिळते, कापराला मिळत नाही, मिळावयास हवी.

आणि कापूर तो कापूरच. तो हळूहळू उडतो. वस्तू आक्रसते, तडकते. शिवाय नायट्रोसेल्युलोज स्वतःही विघटित होऊन आम्लधुरी सोडू लागतो. सिनेमाच्या आरंभीच्या साऱ्या फिती याच पदार्थाच्या होत्या. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला तो याच फितीवर. ही फीत पेटली की पाण्याखालीही जळत राहते. २००३ च्या आरंभी पुण्यात अशा जुन्या फितींच्या साठ्याला आग लागली आणि मूक व बोलपटांच्या आरंभकाळाचा एक मोठा भाग काही तासांत नाहीसा झाला. उत्तर पेशवाईच्या दप्तराची अशी राख झाली असती तर आपण सभा घेतल्या असत्या.

या आगीच्या भीतीनेच दुसरी फीत निघाली. तीही कापसापासूनच, पण नायट्रिकऐवजी ॲसिटिक आम्लाने संस्कारलेली. हिला 'सेफ्टी' म्हणत. ती अक्षरे निगेटिव्हच्या कडेला छापलेली असत, आणि माझ्या डब्यातल्या काहींवर ती आहेतही. ती लवचीक राहावी आणि सहज पेटू नये म्हणून तिच्यात ट्रायफिनाइल फॉस्फेट नावाचे द्रव्य घालीत. म्हणजे कापराच्या जागी नवा कारभारी आला. सिनेमासाठी कोडॅक कंपनीने ट्रायॲसिटेटची सुधारलेली फीत १९४८ साली आणली. ज्या वर्षी आमच्याकडे निजामाचे राज्य संपले त्याच वर्षी. ही फीत शेकडो वर्षे टिकेल असा तेव्हा विश्वास होता. त्यानंतर दहा वर्षांच्या आत फीत सडत असल्याची पहिली तक्रार कोडॅककडे आली, ती भारत सरकारकडून. आपल्या उष्ण, दमट कोठारांत ठेवलेल्या फिती आंबू लागल्या होत्या. जगाने या रोगाला पुढे 'सिरक्याचा रोग' अशा अर्थाचे नाव दिले. तो ओळखला प्रथम आपल्या हवेने. या मानाचे काय करावे ते मला समजत नाही.

घडते ते असे. हवेतला ओलावा फितीत शिरतो आणि ॲसिटिक आम्ल मोकळे करतो. तेच सिरक्याचे आम्ल. मोकळे झालेले आम्ल आणखी आम्ल मोकळे करण्यास मदत करते. फितीचा पाया आकसत जातो, मग त्यात सामावलेले ते फॉस्फेट आत मावेनासे होते आणि पृष्ठभागावर येऊन बसते. मी पाहिलेल्या पांढऱ्या सुया म्हणजे तोच हाकललेला कारभारी. चित्राचा पापुद्रा मात्र आकसत नाही, म्हणून तो पायापासून सुटतो आणि त्याच्या निऱ्या पडतात. अमेरिकेत रॉचेस्टर येथे फोटोंच्या टिकाऊपणाचा अभ्यास करणारी एक संस्था आहे. तिने १९९३ साली हिशेब मांडला: सुमारे २१ अंश उष्णता आणि निम्मी आर्द्रता असेल तर ताजी फीत चाळीसएक वर्षांनी आंबू लागते, तीस अंशांच्या वर तेच एका तपावर येते. नांदेडच्या माळ्यावर, पत्र्याच्या बंद डब्यात, मे महिन्यात किती अंश असतात ते नांदेडच्या वाचकांना सांगावयास नको. बंद डबा हीच मोठी चूक होती, असे मित्र म्हणाले. आम्ल बाहेर जाण्यास वाट नव्हती. प्रत्येक निगेटिव्ह शेजारणीला आंबवीत होती.

मी त्या कागदी पाकिटांत सुट्या केल्या, आणि ज्या वाचत होत्या त्यांची चित्रे संगणकावर उतरवून घेतली. एकशेचाळीस निगेटिव्हपैकी साठ. चांगुलपणाने मोजल्या तर पासष्ट.

वडिलांचे कागद काढले तेव्हा मला धास्ती अशी नव्हती. ते कागदच होते. आणि कागदावर माझा विश्वास आहे. वडिलांना निजामी राजवटीत काही महिन्यांचा तुरुंगवास घडला होता. स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन मिळविताना तुरुंगाचा मूळ दाखला त्यांनी एका कचेरीत दिला, आणि तो परत आला नाही. कोणत्या कचेरीत, ते आता सांगून उपयोग नाही. त्यापूर्वी त्यांनी सुदैवाने त्याच्या झेरॉक्स प्रती काढल्या होत्या, आणि जपण्याच्या हौसेने दोन्ही एका पारदर्शक प्लास्टिकच्या फाइलीत घालून ठेवल्या होत्या. फाइल ट्रंकेत, कपड्यांखाली. मी ती काढली तेव्हा प्लास्टिक पिवळसर आणि चिकट झाले होते, आणि त्याला नव्या रेक्झिनचा तो गोडसर वास होता. कागद बाहेर ओढला तर कोरा निघाला! म्हणजे अगदी कोरा नव्हे. करड्या छाया होत्या. अक्षरे सगळी प्लास्टिकवर गेली होती. उलटी.

हे प्लास्टिक पीव्हीसी. मूळचा पीव्हीसी कडक असतो. विहिरीवरच्या पाण्याचा पाइप तो हाच. १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सेमन हा गृहस्थ त्याच्यापासून भलतेच काही काढण्याच्या खटपटीत होता. त्याने तो एका जड, सावकाश उकळणाऱ्या द्रवात तापविला आणि त्याच्या हाती रबरासारखा मऊ गोळा आला. तेव्हापासून मऊ पीव्हीसी म्हणजे कडक पीव्हीसी अधिक तेल, असा हा प्रपंच आहे. आपल्या बाजारात त्या तेलाला डीओपी म्हणतात. मऊ वस्तूच्या वजनाचा चौथा हिस्सा, कधी तिसरा, कधी त्याहूनही अधिक, तेलच असते. ते तेल पीव्हीसीशी रासायनिक गाठीने बांधलेले नसते. भाकरीत तूप जिरावे तसे जिरलेले असते, आणि भाकरी कागदावर ठेवली तर कागदाला काय होते ते आपण जाणतो. झेरॉक्सची अक्षरे शाईची नसतात. काळ्या पुडीच्या रूपात राळेसारखे प्लास्टिकच कागदावर वितळवून बसविलेले असते. फाइलीतले तेल वर्षानुवर्षे बाहेर झिरपले, त्याने ती राळ मऊ केली, आणि ट्रंकेतल्या कपड्यांच्या वजनाखाली अक्षरांनी घर बदलले. शाईने लिहिलेले कागद त्याच फाइलीत जसेच्या तसे होते. किराणा दुकानाचे १९८४ चे बिल अगदी ताजे होते.

मी फाइल आरशापुढे धरली. वडिलांचे नाव, आजोबांचे नाव, गाव, कलम, आत घेतल्याची तारीख, सोडल्याची तारीख. सोडल्याच्या तारखेतला एक आकडा फाटला आहे. तो तीन किंवा आठ. एका माणसाच्या तुरुंगवासाचा शिल्लक राहिलेला एकमेव पुरावा त्याचा नाश करणाऱ्या वस्तूवरच उमटून राहिला आहे. अस्सल आणि नक्कल यांवर मी मुलांना कितीदा तरी बोललो असेन. या कागदाला काय म्हणावे ते मला अजून सुचलेले नाही.

तेलाचे हे जाणे थोरामोठ्यांनाही चुकलेले नाही. चंद्रावर जाऊन आलेल्या अपोलो मोहिमांचे पोशाख वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहेत. त्यांतल्या पीव्हीसीच्या नळ्यांतून तेल पाझरले, नळ्या तपकिरी पडल्या आणि शेजारच्या कापडाला डाग पडले. कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात यव्होन शाशुआ या विदुषींनी याच प्रश्नावर बरीच वर्षे काम केले. त्यांचा निष्कर्ष वाचून मी हसलो. मऊ पीव्हीसी, त्या सांगतात, काचेच्या घट्ट बंद भांड्यात ठेवावा. आतली हवा तेलाच्या वाफेने भरली की आणखी तेल सुटणे मंदावते. आणि सिरका सोडणारे ॲसिटेट, धूर सोडणारे नायट्रेट? ते मोकळ्या, वाहत्या हवेत ठेवावे. म्हणजे एकाला हवा पाहिजे, दुसऱ्याला डबी. स्टुडिओवाल्याने निगेटिव्ह डबीत घातल्या, वडिलांनी फाइल कपड्यांत ठेवली. कपडे तर तेल शोषूनच घेतात. दोघांनी जपावे म्हणूनच केले. कापराबाबत आईचे झाकण बरोबर होते, एवढा निकाल मात्र या वादात लागला.

हे सारे माझ्या छंदाचे नुकसान होते. त्याने कोणाची चूल बंद पडली नाही. लातूरचे तसे नाही, आणि तेथे दोष माझा आहे.

माझी धाकटी बहीण औसा तालुक्यात दिलेली. दाजींची दोन एकर द्राक्षबाग आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांच्या स्मरणात असेल. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नळाच्या ठिकाणी भांडणे होतील म्हणून शहरात जमावबंदी लागली होती. त्याच वर्षी राज्य सरकारची 'मागेल त्याला शेततळे' ही योजना निघाली. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल, असे तळे दाजींनी २०१७ साली खोदले. अनुदान कमाल पन्नास हजार, तेही खोदाईचे. आमच्याकडच्या जमिनीत नुसत्या खड्ड्यात पाणी थांबत नाही. आत प्लास्टिकचे अस्तर घालावे लागते, आणि त्याचा खर्च ज्याचा त्याने करावयाचा. दाजींनी दोन ठिकाणचे भाव आणले. एक महाग, एक बराच स्वस्त. दोन्ही काळे, दोन्ही पाचशे मायक्रॉनचे म्हणून सांगितलेले. मी त्या दिवशी तेथे होतो. दोन्ही नमुने हातात घेऊन, शिकल्यासवरल्या माणसाच्या थाटात मी म्हणालो, "दाजी, काळं ते काळंच. उगीच पैसे घालू नका."

या काळ्या रंगाची हकीकत मला तेव्हा ठाऊक असती तर! पॉलिथिलीन १९३३ च्या मार्चमध्ये इंग्लंडात, भलताच प्रयोग चालू असताना, गिब्सन आणि फॉसेट या दोघांना योगायोगाने सापडले. युद्धात ते रडारच्या तारांवर चढले, युद्धानंतर टेलिफोनच्या केबलांवर. उन्हातल्या केबलांची साल थोड्याच वर्षांत तडकू लागली. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने उन्हात पट्ट्या टांगून टांगून शोधले, की शेकडा दोनअडीच काजळी, अगदी बारीक आणि एकजीव मिसळली तर साल दशके टिकते. काजळी ही छत्री आहे. ऊन ती स्वतःवर घेते. आपल्याकडच्या पाण्याच्या काळ्या पाइपांच्या मानकातही शेकडा अडीचच काजळी सांगितली आहे. परंतु काजळीच्या गुठळ्या राहिल्या तर छत्रीला भोके. रंग काळाच दिसतो.

आणि छत्री एकटी पुरत नाही. पॉलिथिलीनच्या लांब साखळ्यांपैकी एक कडी उन्हाने वा उष्णतेने सैल झाली की प्राणवायू तिला चिकटतो. ती बिघडलेली कडी शेजारच्या कडीला बिघडविते, आणि वणवा चालू होतो. तो थांबविण्यासाठी आत आणखी एक द्रव्य अल्प प्रमाणात घालतात. ते आपल्याजवळचा हायड्रोजन देऊन बिघडलेल्या कडीला शांत करते, आणि त्या भरात स्वतः खर्ची पडते. गावच्या जागल्यासारखे. चोर आला की जागल्या आडवा जातो. जितके चोर, तितके जागले कमी. शिवाय जागले नुसते कामी येऊनच संपत नाहीत. काही पृष्ठभागावर येऊन उडून जातात, काही पाण्याने धुतले जातात, आणि उष्णता वाढेल तशी ही पळापळ वाढते. ढोबळ हिशेबाने दहा अंशांना दुप्पट. काळे अस्तर उन्हात साठसत्तर अंश तापते. जागले आहेत तोवर अस्तर जसेच्या तसे दिसते, वाकते, ओढले तर ताणते. बाहेरून कसलीच खूण नसते. ते संपले की मग एकदम.

सत्तरीच्या दशकात स्वित्झर्लंड आणि जपान येथल्या रसायनज्ञांनी अमाइन जातीचे नवे रक्षक काढले. हे काम करून पुन्हा मूळ रूपात येतात. पण त्यांचे गंधकाशी वाकडे. भुरी रोगावर गंधक मारणाऱ्या हरितगृहांची प्लास्टिकची छपरे लवकर फाटू लागली, तेव्हा गंधकातून होणारे आम्ल या रक्षकांना निकामी करते असे आढळले. द्राक्षबागाईतदार गंधक किती मारतात, हे मी येथे नुसते नमूद करून ठेवतो.

कडक पीव्हीसीच्या पाइपाची कथा निराळ्या तऱ्हेची आहे. पीव्हीसी तापविला की हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतो. त्याला आवर घालण्यासाठी कारखानदार दीर्घकाळ शिशाचे क्षार घालीत. तेथेही रक्षक थोडा थोडा निघून जातो, पण जातो तो आतल्या पाण्यात, आणि शिसे पोटात गेल्याने लहान मुलांचे काय होते ते जगाला माहीत होते. आपल्या केंद्र सरकारने त्यावर नियम केले ते २०२१ साली.

शेततळ्याकडे परत येतो. २०२३ च्या उन्हाळ्यात बहिणीचा फोन आला. तळे जानेवारीत भरलेले होते. मार्चमध्ये पाणी निम्म्यावर आले आणि मग थांबेना. मी गेलो. पाण्याच्या रेषेच्या वर, दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारावर, अस्तराला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा होत्या. दाजींनी एक तुकडा हातात घेऊन पापडासारखा मोडून दाखविला. त्या भेगा एका कोपऱ्यात पाण्याखाली उतरल्या होत्या. तेथल्या तेथे आम्ही आणखी दोन तुकडे कापले. एक पाण्याखालचा, तो वाकला, पण घडीवर पांढरी रेघ उमटली. दुसरा वरच्या काठावर, अस्तराची कडा दाबण्यासाठी जो चर खणतात, त्यातल्या मातीखालचा. तो नव्यासारखा होता. एकच ताव, एकच कारखाना, एकच दिवस. सहा वर्षांत त्याची तीन वये झाली होती.

हे तुकडे मी ओळखीच्या एका प्राध्यापकांना दाखविले. याची एक परीक्षा असते. काही मिलिग्रॅमचा कण दोनशे अंशांवर, प्राणवायूच्या झोतात ठेवावयाचा, आणि तो किती मिनिटांत जळू लागतो ते घड्याळावर मोजावयाचे. जितकी मिनिटे, तितके जागले शिल्लक. उतारावरच्या तुकड्याने वाटच पाहिली नाही. मातीखालच्यातही आरंभापासून फारसे घातलेले नसावे, असे त्यांचे मत पडले. काजळीच्याही गुठळ्या होत्या. विक्रेत्याच्या बिलावर लिहिले होते, 'काळा कागद, ५०० मायक्रॉन'. बाकी काही नाही. जे लिहिलेच नाही ते दिले नाही, अशी तक्रार करता येत नाही.

त्या वर्षी पावसानेही ओढ दिली. बागेचा एक एकर दाजींनी काढून टाकला. काढताना मी तेथे नव्हतो. मुद्दाम गेलो नाही, असे लिहिणे अधिक खरे होईल. नंतर भेटलो तेव्हा ते रागावले नाहीत. चहा घेताना एकदाच म्हणाले, "मास्तर, तुमीच म्हनलाव न्हवं, काळं ते काळंच." बहिणीने विषय बदलला.

२०२४ च्या एप्रिलमध्ये नवे अस्तर घातले. त्याचे निम्मे पैसे मी दिले. दाजी नको म्हणत होते, बहीण काही म्हणाली नाही, म्हणून दिले. या वेळी काजळी किती, रक्षक कोणता, परीक्षेत किती मिनिटे, हे सर्व कारखान्याकडून लेखी घेतले. ते पत्र दाजींनी मला दिले, "तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या, तुमी कागद जपता," म्हणून. मी ते कागदी पाकिटात ठेवले आहे. वडिलांची फाइल एका रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत गुंडाळी करून ठेवली आहे, झाकण घट्ट. साठ निगेटिव्ह उत्तरेकडच्या खोलीत, मोकळ्या फळीवर.

दाजींनी स्वतःच्या डोक्याने एक गोष्ट केली. उरलेल्या अस्तराची हातभर रुंद पट्टी त्यांनी विहिरीच्या कठड्यावर, दक्षिणेच्या उन्हात, दोन दगडांत ताणून बांधली. बेल प्रयोगशाळेचे नाव त्यांनी ऐकलेले नाही. दर पोळ्याला, बैल धुऊन झाले की, ते तिचा एक तुकडा कापतात आणि दुहेरी घडी घालून अंगठ्याने दाबतात. गेल्या पोळ्याला दुसरा तुकडा कापला तेव्हा मी शेजारी उभा होतो. घडीवर पांढरी रेघ उमटली नाही. दाजींनी तो तुकडा मलाही दाबून पाहावयास दिला.